एकाहत्तर टक्के

ताईचं काम ओरडायचं होतं. नेमणुकीच्या कागदावर तसं लिहिलेलं नव्हतं; तिथे ‘श्वसन-चाचणी तंत्रज्ञ’ असं काहीतरी भारदस्त होतं. पण कागदाचं काय घेऊन बसलात! सकाळी नऊपासून दुपारी चारपर्यंत ती दवाखान्याच्या मागच्या अंगाला, अकरा नंबरच्या खोलीत, समोर बसलेल्या माणसाच्या नाकाला चिमटा लावायची, त्याच्या तोंडात पुठ्ठ्याची नळी द्यायची आणि ओरडायची. “श्वास घ्या, घ्या, पूर्ण घ्या, अजून घ्या, आणि फुंका! फुंका, फुंका, फुंका, सोडू नका, अजून आहे आत, अजून आहे, अजून, शाब्बास!” फुंक निदान सहा सेकंद टिकावी लागते. सहा सेकंदांत काय मोठंसं, असं ज्याला वाटतं त्याने एकदा घरी फुंकून बघावं.

नळी एका मशीनला जोडलेली होती. माणसाचं वय आणि उंची सांगितली की अशा माणसाने किती हवा बाहेर टाकायला पाहिजे ते मशीन ठरवायचं, आणि त्यातली किती टक्के त्याने टाकली तो आकडा पडद्यावर यायचा. पण माणूस फुंकायच्या बाबतीत मोठा कामचुकार. कुणाला लाज वाटते, कुणाला ठसक्याची धास्ती, कुणी दुसऱ्याच सेकंदाला ‘झालं’ म्हणून नळी काढतो. म्हणून तीनदा फुंकायला लावायचं आणि तिन्हीतला सगळ्यात चांगला आकडा धरायचा, असा नियम. छातीत जे नाहीच ते कुणाला फुंकून दाखवता येत नाही. जे आहे ते मात्र आतच राहू शकतं, आणि ते बाहेर काढायला मानगुटीवर बसणारं कुणीतरी लागतं.

त्या कामात ताईचा हात धरणारं कुणी नव्हतं. दुसऱ्या दवाखान्यात साठ टक्के फुंकून आलेला माणूस तिच्या खोलीतून पासष्ट घेऊन बाहेर पडायचा. डॉक्टर कौतुकाने म्हणायचे, “ताई, तुम्ही मेलेल्यालाही फुंकायला लावाल.” तपासणीला येणारे वाहतूक पोलीस तिला पाठीमागे ‘फुंका बाई’ म्हणत. तिला ते माहीत होतं. तिला त्याचं काही वाटत नसे.

खरं सांगायचं तर तिला कशाचंच काही वाटत नसे. नोकरीच्या पहिल्या एक-दोन वर्षांत असं नव्हतं. बस आगारावरच्या खोल्यांमध्ये राहणारी एक बाई आली होती, वय एकोणतीस आणि छाती साठीच्या माणसाची. त्या दिवशी ताईने डबा उघडला नव्हता. मग भट्टीवरचे आले, रंगारी आले, मोठ्या रस्त्याच्या कडेला फुलं विकणाऱ्या म्हाताऱ्या आल्या. आकडे पन्नासवर आले, चाळीसवर आले. केव्हातरी ताईने डबा वेळेवर खायला सुरुवात केली. नेमकं केव्हा, ते तिलाही सांगता आलं नसतं. आता अठरा वर्षं झाली होती, आणि ओरडणं आपोआप होत होतं. तोंड कामावर आणि बाई घरी, अशी गत. तोंड म्हणत असायचं “अजून आहे, अजून आहे,” आणि ताई मनातल्या मनात गॅलरीतले कपडे वाळले असतील का याचा विचार करत असायची. कपडे वाळायचे, पण पांढरे राहायचे नाहीत. बाहेर दोन तास ठेवलेल्या उशीच्या अभ्र्यावर बोट फिरवलं तर बोट काळं व्हायचं. त्याचंही तिला आता काही वाटत नसे.

या ताईला एक धाकटा भाऊ होता. सहा फूट उंच, खांद्याने दार अडवेल असा. आणि घरातलं नाव काय, तर छोट्या. आई गेली तेव्हा तो आठ वर्षांचा होता आणि ताई सतरा. तिने त्याला स्वयंपाकघरातून ओरडून ओरडून पाढे पाठ करून घेतले, ओरडून सायकल शिकवली, ओरडून परीक्षेला पाठवलं. वडील तसे भले होते, पण त्यांचा आवाज कुणी ऐकल्याचं आठवत नाही. छोट्या वाहतूक पोलीस झाला तेव्हा वडील म्हणाले, “बरं झालं, आता हा दुसऱ्यांवर ओरडेल.” त्यांनी आयुष्यात केलेला बहुधा तो एकच विनोद.

छोट्याची ड्युटी पुलाखालच्या चौकात होती. पाच रस्ते तिथे एकत्र येत आणि वरून उड्डाणपूल गेलेला, भांड्यावर झाकण ठेवावं तसा. धूर वर जाणार कुठे? त्यात बसचा थांबा बरोबर पुलाच्या पोटात. एका वेळी सहा-सहा बसगाड्या घरघरत उभ्या. ड्रायव्हर खाली उतरून चहा पिऊन येत, पण इंजिन काही बंद करत नसत. चौकात हवेचा आकडा दाखवणारा एक फलक लावला होता. आकडा चांगला असला की हिरवा, बरा असला की पिवळा, वाईट असला की लाल. तो इतके दिवस लाल होता की तो बिघडलाय अशीच लोकांची समजूत झाली होती. कुणी बडी असामी त्या रस्त्याने जायची असली की पाण्याचे फवारे उडवणारी गाडी आदल्या दिवशी येऊन जायची. तेवढा एक दिवस झाडांची पानं हिरवी दिसत.

त्या झाकणाखाली छोट्याने चौदा वर्षं काढली. संध्याकाळी घरी येऊन तोंड धुतलं की बेसिनमध्ये काळं पाणी. मास्क द्यायचे, नाही असं नाही. पण मास्क लावून शिट्टी कशी वाजवायची? वाहतूक पोलिसाला मास्क वाटणाऱ्याने हा प्रश्न स्वतःला विचारला नसावा. मग छोट्या मास्क हनुवटीवर ठेवायचा. हनुवटी तेवढी सुरक्षित राहिली.

तो नुसता उभा राहणारा माणूस नव्हता. लाल सिग्नलला गाड्या थांबल्या की बॉनेटवर टकटक करत फिरायचा, “इंजिन बंद करा, बंद करा. दीड मिनिट आहे, पळून जात नाही सिग्नल.” काही जण बंद करत. काही जण तो पुढे गेला की पुन्हा चालू करत. बसचा थांबा पुलाच्या बाहेर, शंभर पावलं पलीकडे न्यावा म्हणून त्याने तीन अर्ज केले. एकदा पाण्याची मोठी नळवाहिनी फुटली आणि तो रस्ता तीन महिने खणून ठेवला होता. बसगाड्या दुसरीकडून वळवल्या. त्याच सुमारास चौकातल्या चारही पोलिसांची तपासणी आली, आणि चौघांचे आकडे तीन-तीन, चार-चार टक्क्यांनी वर. ताईने ते डॉक्टरांना दाखवलं. डॉक्टर चांगले होते, त्यांनी वरच्या कचेरीला पत्र लिहिलं की बघा, गाड्या हलवल्या की माणसं सुधारतात, ते कायमचं करा. पत्राला पोचपावतीचा नंबर मिळाला. रस्ता दुरुस्त झाला, बसगाड्या परत आल्या, आकडेही परत आले.

वाहतूक खात्याचा नियम सरळ होता. दरवर्षी फुप्फुसांची तपासणी. आकडा सत्तरच्या खाली गेला की माणसाला चौकातून काढायचं आणि नियंत्रण कक्षात बसवायचं. तिथे गाळलेली हवा, बंद काचा, समोर पडद्यांवर शहरातले सगळे चौक. सत्तरच्या खाली तो आजारी, सत्तरच्या वर ठणठणीत. मधलं काही नाही. गेल्या वर्षी छोट्याचा आकडा शहात्तर आला होता.

तपासणीच्या पंधरा दिवस आधी छोट्याची बायको ताईकडे आली. ती शाळेत शिकवायची, मोजकं बोलायची. आल्या आल्या पाणीसुद्धा न घेता म्हणाली, “ताई, हे आता आडवे झोपत नाहीत. तीन उशा लावून बसून झोपतात.”

“कधीपासून?”

“दोन महिने झाले. हसतसुद्धा नाहीत हल्ली. हसले की खोकला येतो म्हणून.”

ताई ऐकत होती. असं ती रोज ऐकायची. उशांची संख्या तर ती स्वतःच विचारायची, तो तिच्या छापील यादीतला सहावा प्रश्न होता.

“परवा एका मोटारसायकलवाल्यामागे दहा पावलं धावले आणि दुभाजकावर बसले,” वहिनी म्हणाली. “लोकांनी पाणी दिलं. बदली मागा म्हटलं तर म्हणतात, मागून मिळत नाही, तपासणीत यावं लागतं. ताई, यंदा त्यांना खाली आणा. एवढं बघा.”

“मी कोण आणणारी? मशीन आहे ते. जे आहे ते येईल.”

“जे आहे ते सत्तरच्या खालीच आहे. मी रोज ऐकते ना तो श्वास.”

“मग येईलच खाली,” ताई म्हणाली.

यात तिची काही चूक नव्हती. ती खरंच तसंच समजत होती. तरीही दुसऱ्या दिवशी तिने डॉक्टरांना विचारलं, की भावाची तपासणी दुसऱ्या कुणी केली तर बरं. पण दुसरी तंत्रज्ञ बाळंतपणाच्या रजेवर होती. डॉक्टर म्हणाले, “मशीनला काय कळतंय तो कुणाचा भाऊ आहे ते? घ्या तुम्हीच.”

तपासणीच्या दिवशी एकोणीस पोलीस आले. बाकावर ओळीने बसले आणि एकमेकांच्या पोटावरून थट्टा करत राहिले. छोट्या चौदावा होता. त्याच्या आधीच्या तेरा जणांवर ताई ओरडून झाली होती, घसा तापला होता, दुपारचे साडेबारा वाजत आले होते. छोट्या आत आला, त्याने बूट काढले आणि उंचीच्या पट्टीखाली उभा राहिला.

“तेवढीच आहे गं. वाढलो नाही.”

“सरळ उभा राहा.”

तो खुर्चीत बसला. जवळून त्याच्या मानेच्या शिरा दिसत होत्या, श्वास घेताना गळ्याखालचा खळगा आत ओढला जात होता. ताईने ते पाहिलं आणि कागदावर त्या खुणेसमोर टिक केली. पहिल्यांदा फुंकताना तिसऱ्या सेकंदाला ठसका लागला. चौसष्ट. त्याने पाणी प्यायलं, डोळे पुसले. दुसरी फुंक पाच सेकंद टिकली आणि सुटली. सदुसष्ट.

“दोन पुरे की,” तो हळूच म्हणाला. दाराबाहेर बाकीचे ऐकत होते.

“तीन घ्यावे लागतात. त्याशिवाय रिपोर्ट निघत नाही.”

“बरं.”

चौसष्ट आणि सदुसष्ट. आता तिसरी फुंक अशीच आली की काम झालेलं होतं. त्याने अर्धवट फुंकलं असतं तरी चाललं असतं, ती नुसती गप्प बसली असती तरी चाललं असतं. हे ताईच्या मनात आलंच नाही, असंही नाही. आलं, आणि काम झालंय म्हटल्यावर मन निर्धास्त होऊन उठून गेलं. तिने चिमटा लावला, नवी नळी दिली आणि खिडकीकडे पाहिलं. सकाळी पुसलेली काच पुन्हा मळली होती. घरच्या काचा पुसायला कुणीतरी बाई बघायला हवी असं तिला वाटलं. काम झालं हे वहिनीला आत्ताच फोन करून सांगावं की संध्याकाळी, हेही वाटलं. गॅस दोन दिवस पुरेल, असंही वाटलं.

आणि तोंड सुरू झालं होतं.

“घे, घे, घे, अजून घे, आणि फुंक! फुंक, फुंक, फुंक, सोडू नको, सोडू नको, अजून आहे, अजून आहे आत, चल, चल, अजून!”

छोट्याचे डोळे तिच्या चेहऱ्यावर खिळले होते. लहानपणी सायकलवरून हाच आवाज ऐकत तो गल्लीच्या टोकापर्यंत गेला होता. हा आवाज चालू असताना पाय थांबवायचे असतात हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. मान लाल झाली, मग जांभळी. खांदे पुढे आले. सहा सेकंद, सात, आठ. पडद्यावर रेघ सुरेख वळत गेली, मध्ये कुठे तुटली नाही. नवव्या सेकंदाला फुंक नियमात बसल्याची हिरवी खूण आली, आणि ताईच्या अंगठ्याने, हिरवी खूण आली की अठरा वर्षं जे करायचा ते केलं. ‘नोंदवा’ची कळ दाबली.

मग तिने आकडा पाहिला. एकाहत्तर.

“शाब्बास,” तिचं तोंड म्हणालं.

छोट्या पुढे वाकून बसला होता, गुडघ्यांवर हात ठेवून. दम परत यायला बराच वेळ लागला. “किती?” त्याने विचारलं.

“एकाहत्तर.”

चिमटा काढून त्याने तिच्या हातात दिला. मग हसला, आणि हसला म्हणून खोकला. “तू ओरडलीस की मला थांबताच येत नाही गं,” एवढंच म्हणाला, आणि बूट घालायला वाकला. बुटाची नाडी बांधायला त्याला दोनदा थांबावं लागलं.

रिपोर्ट तोवर डॉक्टरांच्या पडद्यावर पोचला होता. ताई बाकीच्या पाच जणांना बाहेर बसवून डॉक्टरांच्या खोलीत गेली. इतक्या वर्षांत अशी ती मधेच कधी उठून गेली नव्हती.

“डॉक्टर, चौदा नंबर पुन्हा घेऊ का?”

डॉक्टरांनी रेघ पाहिली. “का? आजच्या दिवसातली ही सगळ्यात स्वच्छ फुंक आहे.”

“पहिल्या दोन चौसष्ट-सदुसष्ट आहेत.”

“मग? चांगलीच धरायची ना. जे छातीत नाही ते कुणी फुंकू शकत नाही, हे तुम्हीच नव्या मुलींना शिकवता.” मग त्यांनी चष्मा काढला. “ताई, मला कळतंय. पण चांगली फुंक खोडून वाईट घ्यायची म्हणजे रिपोर्टच्या कुठल्या रकान्यात बसवायचं ते? मी शेऱ्यात लिहितो. रोज चार तासांपेक्षा जास्त चौकात ठेवू नये, पुलाखाली नको, सहा महिन्यांनी पुन्हा तपासावं. ठीक?”

त्यांनी तसं लिहिलंही. वरच्या कचेरीत शेरे वाचायची पद्धत नव्हती. तिथे आकडा वाचत, आणि आकडा सत्तरच्या वर होता. सहा महिन्यांनंतरच्या तपासणीचं कुणी नावही काढलं नाही.

वहिनीचा फोन दुपारीच आला. तिला कळलं होतं.

“तुम्ही ओरडलात?” तिने विचारलं.

“हो.”

“कशाला ओरडलात, ताई?”

ताईने फोन कानाला तसाच धरून ठेवला. पलीकडे शाळेची घंटा झाली, मुलांचा गलका आला, आणि मग फोन बंद झाला. त्यानंतर कितीतरी महिने वहिनी तिच्याशी बोलली नाही. समोर आली तर चहा पुढे करायची, बस्स.

आता ताईला रडू यायला हवं होतं, निदान झोप तरी उडायला हवी होती. तसं काही झालं नाही. हातावर डोकं ठेवून झोपलं की सकाळी हात बधिर झालेला असतो. तो आपलाच आहे हे कळतं, पण उचलता येत नाही. तशी ती आतून होती. दुसऱ्या दिवशी तिने बावीस जणांवर ओरडून घेतलं. एकाचाही आकडा चुकला नाही.

पण एक गोष्ट तिने केली, आणि का केली ते तिला विचारू नये. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकून ती वरच्या कचेरीत जायला लागली. हातात डॉक्टरांच्या त्या जुन्या पत्राची प्रत आणि चार पोलिसांचे आकडे: खणलेल्या रस्त्याच्या आधीचे, तेव्हाचे आणि नंतरचे. ती चिडायची नाही, रडायची नाही, हात जोडायची नाही. “बसचा थांबा शंभर पावलं पुढे घ्यायचा आहे,” इतकंच म्हणायची आणि बसून राहायची. कारकून आधी वैतागले, मग त्यांना सवय झाली, मग तिला पाहून लपायला लागले. एक साहेब म्हणाले, “बाई, तुम्ही भांडत का नाही? भांडलात तर तुम्हाला बाहेर तरी काढता येईल.”

सातव्या महिन्यात थांबा हलला. कुणाचा तरी शिक्का कुणाच्या तरी कागदावर पडला, आणि एका शनिवारी माणसं येऊन पुलाच्या पोटातलं छप्पर उचलून पलीकडे मोकळ्यावर ठेवून गेली. त्या पाठोपाठ दोन मार्गांवर बिनधुराच्या बसगाड्या आल्या. सिग्नलवर सेकंद उलटे मोजणारा दिवा लागला आणि त्याच्याखाली ‘इंजिन बंद ठेवा’ असं ठळक अक्षरात लिहिलं. सगळे काही ऐकले नाहीत, पण पुष्कळ ऐकले. फलक पिवळा झाला. आता खरंच बिघडला, असं लोक म्हणाले.

छोट्याने ताईला फोन केला. “ताई, पुलाखालून परवा आकाशाचा तुकडा दिसला गं मला. चौदा वर्षांत वर बघितलंच नव्हतं मी, की दिसतच नव्हतं कोण जाणे.” तो पूर्ण वाक्य एका दमात बोलला नाही. तीन ठिकाणी थांबला. ताईने ते मोजलं.

वर्ष भरलं. पुन्हा तपासणी आली. पुलाखालच्या चौकातले बाकीचे तिघे आधी फुंकून गेले, आणि तिघांचेही आकडे वर चढले होते, एकाचा तर पाचाने. डॉक्टर खूश झाले. चौथा छोट्या. तो आत आला तेव्हा गणवेशाचा पट्टा त्याने एक भोक आत घेतलेला होता.

ताईने चिमटा लावला, नळी दिली. तिने खिडकीकडे पाहिलं नाही. कित्येक वर्षांत पहिल्यांदाच, तोंड कामावर असताना बाईही कामावर होती. तिला कळत होतं की तिला काय हवंय. आता तिला तो आकडा वर यायला हवा होता. सत्तर जाऊ दे, बदली जाऊ दे. पासष्ट येऊ दे, त्रेसष्ट येऊ दे. ती ओरडली. बाहेरच्या बाकावरची थट्टा थांबली. डॉक्टर दारापर्यंत येऊन परत गेले. “अजून आहे, छोट्या, अजून आहे आत, अजून आहे, अजून आहे!”

अठ्ठावन्न. सत्तावन्न. अठ्ठावन्न. मशीनला याच्याइतकी जुळलेली फुंक आवडते. हिरवी खूण तीनदा आली.

“झालं तुमच्या मनासारखं,” छोट्या म्हणाला. त्याला टोमणा मारायचा नव्हता. बायकोला, ताईला, दोघींना मिळून तो म्हणत होता, आणि खरंच त्याला बरं वाटलं होतं. ताईने नळी डब्यात टाकली आणि नोंद केली.

आदेश आठवड्याच्या आत आला. आकडा सत्तरच्या खाली असला की ती कचेरी किती वेगाने चालते ते बघून वहिनीसुद्धा चकित झाली. पहिल्या दिवशी छोट्याला सोडायला ताई गेली. वहिनीने डबा भरून तिच्या हातात दिला आणि वर्षानंतर पहिल्यांदा तिच्याकडे सरळ बघून म्हणाली, “ताई, हळू न्या त्यांना.”

नियंत्रण कक्षाबद्दल जे ऐकलं होतं ते सगळं खरं होतं. काचा कायमच्या बंद, कोपऱ्यात हवा गाळणारं यंत्र. सबंध शहरात तिथल्याइतकी स्वच्छ हवा कुठे नसेल. फक्त तो कक्ष तिसऱ्या मजल्यावर होता. इमारत जुनी होती, लिफ्ट नव्हती. हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. नियम करणाऱ्यांच्या नाही, डॉक्टरांच्या नाही, ताईच्याही नाही.

पहिला मजला तो कठड्याला धरून चढला. तिथे सूचनांचा फलक होता. तो वाचायला थांबला, आणि वरपासून खालपर्यंत सगळा वाचला. तरणी पोरं शेजारून दोन-दोन पायऱ्या घेत वर गेली, “या साहेब, वाट बघतोय,” म्हणाली. दुसऱ्या मजल्यावर वाचायला काही नव्हतं. तिथे तो भिंतीला टेकून उभा राहिला आणि खिशात काहीतरी शोधल्यासारखं करत राहिला. ताई दोन पायऱ्या खाली डबा घेऊन उभी होती. मग तो पुन्हा निघाला, आणि पाच-सहा पायऱ्यांनंतर जिन्यातच बसला. ओठांवर निळसर झाक होती. तिने हजार वेळा पाहिलेली.

“ताई.”

“हं.”

“बोल ना काहीतरी.”

“काय बोलू?”

“ते तुझं. अजून आहे, अजून आहे.” तो मधे थांबला. “तू बोललीस की होतं माझ्याच्यानं.”

ताईने तोंड उघडलं. बोलणं तिथेच होतं, इतकी वर्षं कधी शोधावं लागलं नव्हतं. पण आत किती आहे ते तिला माहीत होतं. ते मोजणारी तीच होती. त्याच्या आत जे होतं त्यातलं शेवटचं गेल्या वर्षी तिनेच ओरडून काढून घेतलं होतं आणि हिरव्या खुणेसकट लिहून ठेवलं होतं. हे तिला वर्षभर माहीत होतं. आता ते तिला लागलं, छातीच्या मधोमध, आणि तिलाच श्वास पुरेना.

“नाही रे, छोट्या,” ती म्हणाली. “बस जरा.”

डबा मांडीवर घेऊन तीही त्याच्या शेजारी पायरीवर बसली. वर अजून बारा पायऱ्या होत्या.